अजून केस असलेले टायर

यंदाही मार्च संपता संपता कारापूरच्या वळणावर पिकल्या बोंडांचा वास आला आणि मी बसची खिडकी ओढून घेतली. वास वाईट नाही. आंबूस, गोड, थोडा उग्र. काजूच्या बागेत तुडवलेल्या बोंडांचा आणि भट्टीवर चढवलेल्या रसाचा. बाहेरून येणाऱ्यांना तो फार आवडतो, असं पुरवण्यांत दरवर्षी छापून येतं. मला तो आता दमवतो. सहासष्ट वर्षांत हा हंगाम इतक्यांदा येऊन गेला, की त्याच्याबरोबर नवं असं काही येत नाही. मागच्या हंगामांची रांग तेवढी लागते. त्या रांगेत सर्वांत पुढे दोन वर्षांपूर्वीचा एक हंगाम उभा असतो. तेव्हा आमच्या घरात काजूपेक्षा टायरांविषयी जास्त बोलणं झालं होतं.

माझी थोरली बहीण कारापूरला दिलेली. मी पेडण्याचा, तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवून घरी बसलेला. ताईचे यजमान, आमचे भावोजी, खाणीच्या मालाची वाहतूक करायचे. त्यांचे अकरा ट्रक होते. त्या काळी डिचोलीच्या पट्ट्यात पानं हिरवी नसत, लाल असत. वाळत घातलेलं धोतर लाल, पेजेवर तांबूस साय, आणि शाळेतून आलेल्या पोरांच्या नाकपुड्यांत लोहखनिज. ट्रक दिवसाला किती खेपा करतो यावर माणसाची पत ठरे, त्यामुळे ट्रक कधी थांबत नसत. खडी, खड्डे आणि क्षमतेपेक्षा जास्त माल. नवा टायर हंगामाच्या सुरुवातीला चढे आणि हंगाम संपायच्या आत गुळगुळीत होऊन खाली उतरे. घरामागे अशा टायरांचा डोंगर होता. त्यांत अबोली लावलेली, त्यांत कोंबड्या बसायच्या, विहिरीच्या काठाला तेच, म्हशीच्या पाण्याला तेच, भाचीच्या झोपाळ्याला तेच. टायर कसा मरतो हे त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. तो झिजून मरतो. दुसरं मरण त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मग खाणी थांबल्या. अकरांतले नऊ ट्रक गेले, दोन घरामागे उभे राहिले, आणि भावोजी, ज्यांना उभं राहिलेलं काही बघवत नसे, तेही पडवीत खुर्ची टाकून बसले.

पण त्यांच्याकडे ती गाडी होती. पोर्तुगीज अमदानीत बोटीतून उतरलेली, फिकट हिरवी, पुढे दोन गोल डोळे आणि ओठांवर क्रोमियमची मिशी. धंदा जोरात असताना त्यांनी ती डिचोलीच्या एका भाटकार जमीनदाराच्या खोपटातून सोडवून आणली. तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि अंडी फुटून पिलं बाहेर येईपर्यंत सौदा थांबला होता. भावोजींनी दोन वर्षं खपून तिला उभं केलं. त्यानंतर ती वर्षातून मोजून तीनदा बाहेर पडे. एकदा दसऱ्याला, चाकाखाली लिंबू ठेवून अंगणातल्या अंगणात. एकदा लग्नसराईत कुणी फारच गळ घातली तर. आणि एकदा पणजीत, जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत.

त्या मिरवणुकीला मी दोनदा गेलो आहे. एक पाहुणे झेंडा दाखवतात. दुसरे पाहुणे वारसा या विषयावर बोलतात. तोवर ऊन डोक्यावर येतं, गाड्यांची इंजिनं तापतात, आणि वारसा ढकलून सुरू करावा लागतो. सगळे मालक हॅट घालतात. भावोजींनाही एक हॅट होती. तिच्यात ते पोर्तुगीज कस्टममधल्या कारकुनासारखे दिसत. माझ्या तोंडून हे एकदा निघून गेलं होतं. ते म्हणाले, "तू मास्तर झालास ते बरं झालं. दुकान घातलं असतंस तर गिऱ्हाईक आलं नसतं."

सोळा वर्षं त्या गाडीला तेच टायर होते. थोरल्या भाचीच्या, दीपाच्या लग्नाला त्यांनी पाचही टायर नवे घातले, आणि दीपा त्याच गाडीतून सासरी गेली. धाकटी शर्वाणी तेव्हा चौदा वर्षांची. गाडीत जागा नव्हती म्हणून ती अंगणात राहिली आणि रुसून बसली. "मी पण ह्याच गाडीतून जाणार," ती म्हणाली. भावोजी म्हणाले, "जाशील. मी स्वतः घेऊन जाईन." मुलांना आपण रोज असं काहीबाही कबूल करतो. पण भावोजी ट्रकवाले. अमुक वाजता माल धक्क्यावर पोचेल म्हटलं की तो पोचलाच पाहिजे, या शिस्तीत वाढलेले. त्यांनी ते मनाच्या वहीत लिहून ठेवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात शर्वाणीचं लग्न ठरलं. मुलगा चोपड्याचा, शापोरा नदीच्या काठचा, सिद्धेश नावाचा. शर्वाणी तेव्हा तीस वर्षांची, पर्वरीला एका कचेरीत नोकरीला. लग्न कारापूरला, संध्याकाळी वरात चोपड्याला. भावोजींचं वय शहात्तर. त्यांनी ताडपत्री काढली, गाडी धुतली आणि खोबरेलाची वाटी घेऊन टायरांना चोळत बसले. हे ते दर शुक्रवारी करत. टायर असे काळेभोर चकाकत, की बघणाऱ्याला वाटावं कालच दुकानातून आले. आणि खरोखरच त्यांच्या कडेला ते बारीक रबरी केस होते, नव्या टायराला असतात ते, दोनचार हजार किलोमीटर पळालं की झडून जाणारे. येणाऱ्याजाणाऱ्याला भावोजी वाकून ते केस दाखवत. "बघ. अजून केस आहेत."

मी लग्नाच्या कामासाठी पंधरा दिवस आधीच कारापूरला जाऊन राहिलो होतो. हवा भरायला म्हणून भावोजींनी बाबलला बोलावलं. बाबल दोडामार्गाकडचा. चाळीस वर्षांपूर्वी टायर बसवायच्या कामाला इकडे आला आणि इथेच राहिला. भावोजींच्या ट्रकांचा प्रत्येक टायर त्याच्या हातून चढला आणि उतरला. आता तिठ्यावर त्याचं पंक्चरचं छोटं दुकान आहे. तो उकिडवा बसला, हवा भरायचं सोडून टायराच्या बाजूवर अंगठा फिरवत राहिला, आणि मग मला खुणेनं बोलावलं. भावोजी आत जेवत होते.

"मास्तर, चष्मो हा मा? ह्यां वाचा बघू."

त्यानं पंचाच्या टोकानं तेल पुसलं. टायराच्या अंगावर चार उठावाचे आकडे होते. मी ते वाचले.

"पयले दोन आठवड्याचे, मागचे दोन वर्साचे. आता ह्येचा वय सांगा."

"सोळा पुरी झाली. सतरावं लागलं."

"आणि नवरी तिसाची. पत्रिका जुळता म्हणतास?" तो न हसता म्हणाला.

"अरे, पण चाललेत किती? दोन हजार किलोमीटरसुद्धा नसतील. केस आहेत अजून."

"केस माझ्या आज्याच्या डोक्यारय होते, मेलो तेव्हा." त्यानं माझं बोट धरून टायराच्या बाजूला टेकवलं. "हंय नख लावा."

तेलाच्या चकाकीखाली भेगा होत्या. उन्हाळ्यात तळ्याचा तळ फुटतो तशा, पण केसाएवढ्या, चाकाच्या गोलाईबरोबर फिरत गेलेल्या. माझं नख आत गेलं. मी हात मागे घेतला.

बाबलनं मग मला जे सांगितलं, ते भूगोलाच्या मास्तरला कुणी तीस वर्षांत सांगितलं नव्हतं. रबरात मेणासारखं काहीतरी मिसळलेलं असतं. टायर चालला, दबला, वळला की ते हळूहळू बाहेर येऊन त्याच्या कातडीवर बसतं आणि हवेपासून, उन्हापासून त्याला राखतं. "ता तेचा औषध. उभ्या टायराक औषध गावणा नाय. आणि शेट वरसून तेल चोळतत. त्येना ता आणखीन बिघडता." त्याला हे कसं कळलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, खाणी मधे थोड्या दिवसांसाठी चालू झाल्या तेव्हा उभे असलेले ट्रक लोकांनी तसेच रस्त्यावर काढले. नक्षी पाहिली, शाबूत होती. हवा भरली, राहिली. आणि मग भर रस्त्यात टायर फुटायला लागले. "तवसर आमका तरी खंय म्हायत होता? आमी चाळीस वर्सां झिजलेलेच बघितले."

"भावोजींना कोण सांगणार?"

"तुमी."

"तू का नाही?"

"मी तेंचो टायरवालो. माका हाकलतीत. तुमी मेव्हणे. तुमका हाकलूक येवचा नाय."

इथे मला थोडं माझ्याविषयी सांगावं लागतं. माझ्या कपाटात न उघडलेली पुस्तकं आहेत. निवृत्तीनंतर वाचू म्हणून चांगल्या बांधणीची घेतलेली. या लग्नाच्या आदल्या वर्षी त्यांतलं एक काढलं आणि मधोमध उघडलं, तर पाठीचा डिंक तडकला आणि पानं मांडीवर आली. जपून ठेवण्याविषयी आपल्या सगळ्यांच्या काही ठाम समजुती असतात, आणि त्या बहुतेक वेळा वस्तूला विचारून केलेल्या नसतात. पण त्या दुपारी हे काही सुचलं नाही. हात पुसता पुसता एवढंच वाटलं, की हे काम दुसऱ्या कुणाकडे असतं तर बरं होतं.

भावोजी जेवून पडवीत आले.

"भावोजी, बाबल म्हणतो टायर गेलेत."

"खंय गेले? समोर आहेत ते."

"वयानं गेलेत म्हणतो."

"वयानं माणूस जातो. टायर झिजून जातो." त्यांनी दातातलं सुपारीचं खांड या गालातून त्या गालात नेलं. "मी आयुष्यात किती टायर काढले त्याला मोजदाद नाही. त्यांतला एक तरी वयानं गेलेला मला दाखव."

मी कुठून दाखवणार? त्यांतला एकही म्हातारपणापर्यंत जगला नव्हता.

"आकडे आहेत हो वर. तुम्हीच वाचा."

"आकडे मास्तर लोक वाचतात. आम्ही नक्षी बघतो." मग थोड्या वेळानं, बाबल ऐकेल अशा बेतानं: "आणि ज्याला हवा भरायला बोलावलं त्यानं हवा भरावी."

बाबलनं हवा भरली आणि तो गेला. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. माझी परीक्षा झाली आणि मी नापास, एवढं त्यात होतं.

ताईला सांगितलं. ती वालपापडी निवडत होती. "माझं ते ऐकत नाहीत, हे मी बेचाळीस वर्षं ऐकत आले आहे," ती म्हणाली. "तू शर्वाणीला सांग. तिनं नको म्हटलं तर प्रश्न मिटला."

शर्वाणीला सांगितलं. ती पत्रिकांवर नावं घालत होती. तिनं पेन खाली ठेवलं. "मामा, मला कुठलीही गाडी चालेल. रिक्षा चालेल. पण मी कसं नको म्हणू? मागितली होती मीच."

"चौदा वर्षांची होतीस."

"ते सोळा वर्षं शुक्रवारी तेल लावतात तिला. मी आता सांगू, मला एसी हवा म्हणून?"

दुसरे टायर घालावेत, हा विचार अर्थातच सगळ्यांना सुचला. पण त्या मापाचा टायर आता आपल्याकडे कुणी काढत नाही. म्हापशातल्या एका दुकानदारानं माप ऐकून मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बाहेरच्या देशातून मागवायला अडीच महिने लागतील असं आजाऱ्याच्या नातेवाइकाशी बोलावं तसं सांगितलं. लग्न बारा दिवसांवर आलं होतं.

त्या बारा दिवसांतली हवा मला अजून आठवते. पानही हलत नव्हतं. दुपारी डांबर मऊ होऊन चपलेला चिकटे. शेजारच्या बागेत बायका बोंडं वेचून बिया पिळून वेगळ्या करत, आणि संध्याकाळी भट्टीवरच्या पहिल्या धारेचा, हुर्राकाचा वास घरात येऊन उशांत शिरे. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. त्यांच्या पलीकडे हिरवी गाडी, काळ्या चकचकीत टायरांवर. घरातलं प्रत्येक माणूस तिच्याकडे बघे आणि दुसऱ्याच विषयावर बोले. ताई रात्री देवाजवळ जरा जास्त वेळ बसू लागली. मी आयुष्यभर थाटामाटाला हसत आलो. पण ज्या थाटावर कुणाचा जीव बसलेला असतो त्याला हसता येत नाही. त्याच्याजवळून मान खाली घालून जावं लागतं, आणि त्यानं माणूस फार थकतो.

लग्नाला चार दिवस असताना भावोजींनी सकाळी कपाटातून हॅट काढली.

"मी रिकामी गाडी घेऊन चोपड्याला जातो. पोचली तर विषय संपला."

"आणि नाही पोचली तर?"

"तरी विषय संपलाच."

मी पुढच्या सीटवर बसलो. का बसलो हे मला नीट सांगता येणार नाही. ताईनं पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, की भाऊ आणि नवरा एकाच गाडीतून पाठवणं तिला हिशेबानं पटलेलं नाही.

डिचोली सुटेपर्यंत भावोजी बोलत होते. ही चढण, तो उतार, इथे एकदा ट्रक उलटला तो. वेग चाळिशीच्या वर नव्हता. मागून येणारे भोंगे वाजवत, पुढे जाताना फोन काढून फोटो घेत. अस्नोड्याच्या पुढे ते गप्प झाले. मग मी त्यांचे हात पाहिले. भरलेलं ताट दोन्ही हातांनी धरून पायऱ्या उतरावं तसं त्यांनी चाक धरलं होतं. आणि ते सारखे आरसा ठीक करत होते. आरसा हलला नव्हता. मागच्या सीटवर ताईनं एक पांढरी चादर घडी करून अंथरली होती, नवरी बसायची त्या जागेवर. आरशात ती दिसत होती. म्हापशाच्या गर्दीत, शिवोलीच्या वळणांवर, प्रत्येक खड्ड्याला ते गाडी जवळजवळ थांबवत, आणि खड्डा गेला की आरशात बघत. पुलावर वारा लागला. खाली होड्या, कडेला भरतीचं पाणी अडवणाऱ्या मानशीच्या फळ्या, पलीकडे चोपड्याचे माड. बत्तीस अंशाच्या वर कितीतरी असलेल्या त्या उन्हात भावोजींच्या कपाळावर घाम नव्हता. चेहरा कोरडा होता.

टायर फुटला नाही. आम्ही पोचलो.

व्याही अंगणात आले, मागून घरचे, मागून शेजारचे. व्याही हौशी गृहस्थ. बँड ठरला होता, फटाके ठरले होते, आकाशातून चित्रं घेणारं ते भुंग्यासारखं यंत्रही ठरलं होतं. गाडी पुलावर आली की यंत्र वर जाणार, मग गाडी वळणावर, मग गाडी दारात. त्यांनी हातवारे करून सगळं दाखवलं. आम्हांला प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कोकमाचं सरबत मिळालं. मग व्याही गाडीभोवती फिरले आणि खाली वाकले.

"टायर बघा कसे. नवे कोरे. केससुद्धा झडले नाहीत. ह्याला म्हणतात निगा." ते जमलेल्यांना म्हणाले, "आमच्या सुनेचं नशीब, असा बाप आहे."

भावोजींनी सरबताचा पेला तोंडाकडे नेला होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"सोळा वर्षांचे आहेत ते," ते म्हणाले.

"काय?"

"टायर. सोळा वर्षांचे आहेत. भेगा पडल्यात. वरती तेल आहे म्हणून दिसत नाहीत." ते हळू बोलत होते, पण अंगणात सगळ्यांना ऐकू जात होतं. "तुमच्या सुनेला मी ह्या गाडीतून आणणार नाही."

मुलीचा बाप लग्नाच्या चार दिवस आधी व्याह्याच्या अंगणात येतो आणि स्वतःच्या वस्तूत खोट आहे म्हणून सांगतो, हे आमच्याकडे कुणी करत नाही. तिथे खोट झाकायची असते. व्याह्यांनी पुन्हा टायरांकडे पाहिलं.

"पण आत्ता तर घेऊन आलात की तुम्ही."

"आत्ता मागे कोण नव्हतं."

पुढे मी होतो. पण तो मुद्दा काढायची ती वेळ नव्हती.

"आम्ही सगळ्यांना सांगून बसलोय हो," व्याही म्हणाले. "जुनी गाडी येणार म्हणून."

"सांगा, नवरीच्या बापाची गाडी म्हातारी झाली." भावोजी उठले. गाडीपर्यंत गेले, दाराच्या मुठीला हात घातला, आणि तो तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी हात काढून घेतला. "फणसाखाली लावतो," ते म्हणाले. "इथेच राहू दे." आणि माझ्याकडे वळून, "बस कितीला आहे बघ."

गेली तीस वर्षं भावोजी बसमध्ये बसले नव्हते. म्हापशाला गाडी बदलून आम्ही उभ्यानं डिचोलीपर्यंत आलो, दांड्याला धरून, हॅट त्यांच्या काखेत. अस्नोडा आलं तेव्हा ते म्हणाले, "हितं डावीकडे मऊ लागलं मला. वाटलं, गेला."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबलो असतो तर उतरून बघावं लागलं असतं."

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "बाबलच्या आधी मला माहीत होतं. तेल लावताना बोटाला लागत होतं." 

शर्वाणी भाड्याच्या पांढऱ्या गाडीतून गेली, एसी लावून. मुलीच्या वरातीबरोबर बापानं जायची आमच्याकडे रीत नाही; गाडी चालवायला म्हणून भावोजी गेले असते, ते कारण आता उरलं नव्हतं. मामा म्हणून मी गेलो. बँड वाजला, फटाके वाजले, यंत्र आकाशात गेलं आणि त्यानं शेकडो गाड्यांसारख्या एका गाडीचं चित्र घेतलं. चोपड्याला अंगणात उतरताना शर्वाणीला फणसाखाली हिरवी गाडी दिसली. कुणीतरी तिला झेंडूचा हार घातला होता. शालूचा पदर सावरत ती थबकली.

"बाबा आलेत?"

"नाही. गाडी राहिलीय इथे."

ती थोडी उभी राहिली. मग तिला दारात माप ओलांडायला बोलावलं.

माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "ती गाडी आंदण दिली काय हो तुमी?" मी म्हटलं, नाही, चालण्यासारखी नाही म्हणून ठेवली आहे. बाई बराच वेळ विचार करत होत्या. "म्हणजे मोडकी गाडी आंदण दिली," त्या म्हणाल्या. ही बातमी भावोजींच्या कानांवर चार दिवसांत पोचली. मुलीच्या लग्नात देणं-घेणं नको म्हणून आयुष्यभर बोललेला माणूस. त्यांचं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं.

याला आता दोन वर्षं झाली. नवे टायर मिळाले. सिद्धेशच्या ओळखीचा कुणी बाहेरदेशी असतो, त्यानं पाठवले. येऊन वर्ष झालं. भावोजींनी आधी त्यांच्यावरचे आकडे वाचले, चष्मा लावून, बोट फिरवत, आणि ताजे आहेत म्हणून मान्य केले. मग ते टायर चोपड्याच्या घरी माळ्यावर चढले आणि तिथेच राहिले. पहिल्यांदा पाऊस तोंडावर होता. मग गणपतीची चवथ आली. मग भातकापणीत माणसं मिळेनात. मग बाबलची कंबर धरली. दर वेळी कारण नवं असे आणि मला ते फोनवर सविस्तर सांगितलं जाई.

मुलीच्या घरी बापानं उगाच जाऊ नये, गेलाच तर जेवू नये, ही समजूत आता कुणी फारशी पाळत नाही. पण भावोजींच्या पिढीच्या हाडांत ती आहे. दीपाकडे ते अठरा वर्षांत पाचसहा वेळा गेले असतील, तेही बारशाला, मुंजीला, आणि उभ्या उभ्या पाणी पिऊन परत. शर्वाणीकडे मात्र ते दर पंधरवड्याला जातात. बसनं. म्हापशाला गाडी बदलून. गाडीचं इंजिन सुरू करायला हवं ना, बॅटरी उतरते. टायर बसले की गाडी कारापूरला आणावी लागेल, आणि ती आली की चोपड्याला जायला कारण उरणार नाही. हे ताईला कळतं, शर्वाणीला कळतं, व्याह्यांनाही बहुधा कळतं. मला उशिरा कळलं. मास्तर लोक आकडे वाचतात.

यंदा बाबलची कंबर बरी झाली. त्यानंच निरोप पाठवला, की आता टायर चढवून टाकू, शेटांना घेऊन या. म्हणून मी कारापूरला गेलो, आणि भावोजींना घेऊन चोपड्याला. ते बसमध्ये खिडकीशी बसले. त्यांनी खिडकी उघडी ठेवली. अठ्ठ्याहत्तरी आली आहे. चढताना आता हात द्यावा लागतो.

बाबल आमच्या आधी येऊन बसला होता, स्कूटरवर जॅक आणि पाने बांधून. त्यानं माळ्यावरून दोन टायर खाली काढले होते आणि ते फणसाच्या बुंध्याला टेकवून ठेवले होते. कोरे, राखाडी झाक असलेले, तेल न लागलेले. भावोजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं.

"आज उष्मा फार आहे," ते म्हणाले. "तापलेल्या दिवशी टायर बसवू नये."

बाबल म्हणाला, "शेट, असो नियम खंय नाय."

"आहे."

"मी चाळीस वर्सां टायर बसवतंय."

"मग तुला माहीत असायला हवा."

बाबलनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात शर्वाणी दारात आली, ओला हात कपाळावर टेकवून. "बाबा, तिसऱ्यांचं सुकं केलंय. बसा आधी. मामा, तुम्ही पण. बाबलकाका, हात धुवून घ्या."

"बसतो," भावोजी म्हणाले, आणि चपला काढून आत गेले. कुठली बाजू, कुठला पाट, हे त्यांना आता विचारावं लागत नाही.

बाबलनं पंचाला हात पुसले. मग त्यानं जॅक उचलून पुन्हा स्कूटरला बांधला. "पावसानंतर येतंय मगे," तो कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाला. त्यानं एक टायर खांद्यावर घेतला आणि तो माळ्याकडे निघाला. मी खालून शिडी धरून उभा राहिलो.